डाळ तोलताना म्हणायचे एक वाक्य

वरणाशिवाय जेवण झाल्यासारखे वाटत नाही, अशी आपली वऱ्हाडी माणसे. अकोल्याच्या डाळमिलांतली तूरडाळ दूरवर जाते, आणि इथल्या घरांत ती सुपात निवडून डब्यात पडते. आमच्या आजीची नजर त्या सुपावर असे. तुरीची डाळ पाठीवर गोलसर. तीत एखादा चपटा, पाचरीसारखा कोनेदार दाणा दिसला की ती बाजूला काढायची, "ही लाख आहे."

तिची धास्ती खोटी नव्हती. लाखोळीत एक विषारी घटक असतो. महिनोन् महिने तीच मुख्य अन्न म्हणून खाल्ली, तर पाय कायमचे लुळे पडू शकतात. आयुर्वेदात या दुखण्याला 'कलायखंज' असे नाव आहे. १९६१ मध्ये तिच्या विक्रीवर बंदी आली. पण तूर महागली की स्वस्त लाखेचा मोह व्हायचाच.

हे पकडायचे कोणी? १९५४ च्या भेसळ प्रतिबंधक कायद्यात अन्न निरीक्षक होता. ५ ऑगस्ट २०११ पासून नवा कायदा आला आणि निरीक्षकाचा अन्न सुरक्षा अधिकारी झाला. तो दुकानात येतो, नमुन्याची किंमत मोजतो (हो, फुकट उचलत नाही!), त्याचे चार भाग करून सील लावतो. विश्लेषकाने चौदा दिवसांत अहवाल द्यायचा असतो. तोवर त्या पोत्यातली डाळ कित्येक घरांत शिजून गेलेली असू शकते.

डाळ निदान सुपात पाहता येते. औषधाच्या बाटलीत काय पाहणार? १९८६ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात ग्लिसरीनमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल निघाले आणि चौदा रुग्ण दगावले. न्या. लेंटिन आयोगाने त्याची चौकशी केली. तेच विष २०२५ मध्ये आपल्या वरूडच्या पुढे, सीमेपलीकडच्या छिंदवाडा भागात खोकल्याच्या औषधातून आले. वीसहून अधिक मुले गेली. त्यांतल्या अनेकांवर नागपुरात उपचार चालले होते.

फार थोड्यांना ठाऊक असलेली गोष्ट अशी, की तपासणीचा हक्क केवळ अधिकाऱ्याचा नाही. औषध कायद्याच्या कलम २६ नुसार कोणीही शुल्क भरून औषध सरकारी विश्लेषकाकडून तपासून घेऊ शकतो. अन्नासाठी कलम ४० आहे. दोष निघाला तर भरलेले पैसेही परत मिळतात. अट एकच. माल घेतानाच दुकानदाराला सांगायचे, की मी हा तपासायला देणार आहे.

मागे एकदा मी हे वाक्य मनात जुळवून आमच्या नेहमीच्या दुकानात गेलो. वीस वर्षांचे खाते, अडीअडचणीची उधारी. तराजूत डाळ पडत होती. मी तोंड उघडणार, तोच तो म्हणाला, "काय भाऊ, पोरगी पास झाली म्हणे! पेढे कधी?"

दोन किलो डाळ घेऊन मी घरी आलो. सूप माळ्यावर होते, ते खाली काढले.