जखमेवरील मध आणि बाळाच्या जिभेवरील मध

आपल्या रुग्णालयात शल्य विभागात काही जखमांवर मधाची पट्टी बांधली जाते, प्रसूती कक्षात मात्र नवजात बालकास मधाचे बोटही चाटवू दिले जात नाही. ही विसंगती अनेक हितचिंतक आमच्या निदर्शनास आणतात. तिचा खुलासा करणे आम्हांस उचित वाटते.

सुश्रुतसंहितेत व्रणोपचारासाठी मध व तूप यांचा उपयोग सांगितलेला आहे. मधात पाणी जेमतेम १७-१८ टक्के असते, त्यामुळे तो जंतूंमधील पाणी शोषून घेतो. तो आम्लधर्मी असून जखमेतील स्रावाने पातळ झाला की त्यातील विकरामुळे हायड्रोजन पेरॉक्साइड सावकाश तयार होत राहते. सोलापूरच्या वैद्यकीय महाविद्यालयातील शल्यचिकित्सक डॉ. एम. सुब्रह्मण्यम यांनी १०४ भाजलेल्या रुग्णांवर केलेला तौलनिक अभ्यास १९९१ साली ब्रिटिश शल्यविषयक नियतकालिकात प्रसिद्ध झाला. मध लावलेल्या गटातील ९१ टक्के संसर्गित जखमा सात दिवसांत जंतुमुक्त झाल्या. प्रचलित मलमाच्या गटात हे प्रमाण ७ टक्के होते. २०१५ च्या कॉक्रेन आढाव्यानेही मध्यम खोलीचे भाजणे मधाने चार-पाच दिवस लवकर भरते, असा निर्वाळा दिला. अन्य बहुतेक जखमांबाबत मात्र पुरावा अपुरा ठरविला.

आता बाळाविषयी. खाण्याच्या मधात क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम या जंतूचे बीजाणू असू शकतात. मोठ्यांचे आतडे ते सहज परतवते. एक वर्षाखालील बालकाच्या आतड्यात मात्र ते रुजून विष निर्माण करतात. प्रथम बद्धकोष्ठ, मग क्षीण रडणे, दूध ओढण्याची शक्ती जाणे आणि अखेरीस श्वासाचे स्नायू लुळे पडणे, असा हा क्रम आहे. आजार विरळ असला तरी एका रूढीखातर तो पत्करण्यास आम्ही तयार नाही, मग आजीबाईंचा रोष ओढवला तरी बेहत्तर! वर्षावरील मुलांच्या साध्या खोकल्यास मात्र चमचाभर मध द्यावयास हरकत नाही.

वैद्यकीय मध गॅमा किरणांनी निर्जंतुक केलेला असतो, कारण उष्णतेने विकर नष्ट होते. तो किराणा दुकानातील मधापेक्षा कितीतरी महाग पडतो. खरेदीत काटकसर करणे हा आमचा धर्म असला, तरी या बाबीत ती आम्ही करीत नाही. बरणीवरील परवाना क्रमांक खाद्यपदार्थाचा असतो, निर्जंतुकतेचा नव्हे. म्हणून नातेवाइकांनी घरचा मध जखमेवर लावू नये. बाळासाठी आणलेली बाटली परिचारिकेकडे जमा करावी, घरी जाताना ती परत मिळेल.