डोंगरवाटांवरील भारवहन : टोपली आणि कपाळपट्टा

मेघालयातील तीव्र उतारांवर बैलगाडी चालत नाही. शेतापासून वस्तीपर्यंतची वाट अनेकदा पाऊलभर रुंदीचीच असते. अशा वाटेने खासी शेतकरी ‘खोह’ ही बांबूची निमुळती टोपली पाठीवर वाहतात आणि तिला पेलणारा ‘स्तार’ हा वेताचा पट्टा डोक्यावर, कपाळाच्या वरच्या बाजूस घेतात. मिझोराम आणि नागालँडमध्येही हीच पद्धत रूढ आहे. नेपाळमध्ये ती ‘डोको’ व ‘नाम्लो’ या नावांनी ओळखली जाते.

टोपली तळाशी अरुंद व वर रुंद असल्याने बराचसा भार पाठीच्या वरच्या भागाजवळ राहतो. शरीर किंचित पुढे झुकवले की तो पायांवर तोलला जातो. हात मोकळे राहतात आणि पाय घसरल्यास पट्टा डोक्यावरून चटकन सोडता येतो.

नेपाळी भारवाहकांवरील एक अभ्यास २००५ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यातील पुरुष सरासरी स्वतःच्या वजनाच्या ९३ टक्के, तर स्त्रिया ६६ टक्के भार वाहत होत्या. पाठपिशवी वाहणाऱ्या पाश्चात्त्यांच्या तुलनेत तेवढ्याच भारासाठी त्यांची ऊर्जा कमी खर्च होत होती. संथ चाल आणि वारंवार विश्रांती ही त्यांची रीत होती.

टोपलीचे आयुष्य मात्र कीटकांवरही अवलंबून असते. बांबूतील स्टार्चकडे डायनोडेरस वर्गातील बारीक भुंगेरे आकर्षित होतात व कामट्या पोखरून त्यांचा भुगा करतात. बांबू पाण्यात भिजत ठेवल्यास स्टार्च बराचसा निघून जातो. चुलीवरील धुरात ठेवल्यास तो कोरडा होऊन किडीस प्रतिकूल ठरतो. हे दोन्ही उपाय परंपरेने चालत आले आहेत.

तथापि, ऊर्जेची बचत म्हणजे कष्टांतून मुक्ती नव्हे. सरपण, पाणी व शेतमाल वाहणाऱ्या स्त्रियांच्या मानेवर या भाराचा ताण रोजच पडतो. त्यामुळे सुधारित साधनाची गरज निर्विवाद आहे. पट्टा अधिक रुंद व मऊ करणे, भाराचा काही अंश खांद्यांवर घेणे आणि बांबूवर योग्य प्रक्रिया करणे, ही त्याची सुरुवात ठरू शकते. नवे साधन अरुंद वाटेवर चालणारे, हात मोकळे ठेवणारे आणि गावातच दुरुस्त होणारे असेल, तरच ते टोपलीची जागा घेऊ शकेल.