साहेब, सरका!

डिसेंबर संपत आला की सरकारी कार्यालयांत, बँकांत, कारखान्यांत क्रीडा स्पर्धांचे वारे वाहू लागतात. नोटीस बोर्डावर कागद लागतो. कॅरम, बुद्धिबळ, रस्सीखेच आणि टेबल टेनिस. वर्षभर ज्या टेबलावर जुन्या फायलींचे गठ्ठे विसावलेले असतात ते टेबल मोकळे होते. धूळ पुसली जाते. कुणाच्या तरी कपाटातून जाळी निघते. एकेरीत कोण जिंकणार हे बहुतेक आधीच ठाऊक असते. उत्सुकता असते ती दुहेरीची, कारण जोड्या चिठ्ठ्या टाकून ठरतात. एका डब्यात मुरलेल्या खेळाडूंची नावे, दुसऱ्यात नवशिक्यांची. दोन्ही डब्यांतून एकेक चिठ्ठी निघते आणि जोडी जमते. याला म्हणतात ‘लकी डबल्स’. लकी नेमके कोण, हे शेवटच्या दिवशी कळते!

आमच्या कार्यालयात बरीच वर्षे मी या स्पर्धेचा गुणलेखक आहे. माझा खेळ बेताचा. पण अक्षर बरे आणि आवाज खणखणीत, म्हणून ती खुर्ची माझ्याकडे आली. त्या खुर्चीवरून हा खेळ जसा दिसला तसा सांगतो.

टेबल नऊ फूट लांब आणि पाच फूट रुंद. म्हणजे दुहेरीत एकेकाच्या वाट्याला रुंदीची अडीच फूट जागा. तेवढ्यात दोन माणसांनी वावरायचे. टेनिस किंवा बॅडमिंटनच्या दुहेरीत एकदा चेंडू खेळात आला की दोघांपैकी कोणीही मारावा. एक तगडा खेळाडू सगळे मैदान स्वतःच सांभाळू शकतो. टेबल टेनिसमध्ये ती सोय नाही. इथे जोडीदारांनी आळीपाळीनेच मारायचे. एक फटका तुमचा, पुढचा त्याचा, मग पुन्हा तुमचा. चेंडू तुमच्या बॅटसमोर आला, तुम्ही कितीही चांगले खेळाडू असलात, तरी पाळी नसेल तर हात लावायचा नाही. लावला तर गुण समोरच्यांचा. व्हीलचेअरवरून खेळणाऱ्यांना तेवढी सवलत आहे; सर्व्हिस आणि तिचा परतीचा फटका झाला की त्यांच्यापैकी कोणीही मारू शकतो.

यातून एक गोष्ट आपोआप येते. फटका मारला की टेबलासमोरून हटायचे. जोडीदाराला जागा द्यायची. म्हणून दुहेरीतला निम्मा खेळ हातांचा आणि निम्मा पायांचा. एक खेळाडू डावखुरा आणि दुसरा उजव्या हाताचा असेल तर हे सोपे जाते. दोघे आपापल्या बाजूला मागे सरतात, एकमेकांच्या वाटेत येत नाहीत. दोघेही उजव्या हाताचे असतील तर मात्र एकमेकांना वळसा घालत फिरावे लागते.

दुसरा नियम क्रमाचा. सर्व्हिस आपल्या उजव्या अर्ध्या भागातून समोरच्यांच्या उजव्या अर्ध्या भागात, म्हणजे तिरपी करायची. एका गेममध्ये ज्याच्याकडून तुम्हाला चेंडू येतो, त्याच्याकडूनच तो गेम संपेपर्यंत येत राहतो. पुढच्या गेमला क्रम बदलतो आणि दुसऱ्याचा चेंडू वाट्याला येतो. निर्णायक गेममध्ये एक जोडी ५ गुणांवर पोचली की टेबलाच्या बाजू बदलतात आणि घेणाऱ्यांचा क्रमही बदलतो. हेतू सरळ आहे. समोरच्या तरबेज खेळाडूचा मारा एकानेच सोसायचा आणि दुसऱ्याने सोप्या चेंडूंवर नाव कमवायचे, असे होऊ नये. क्रम चुकल्याचे लक्षात आले तर खेळ थांबवून दुरुस्त करतात. तोवरचे गुण मात्र कायम राहतात.

२००१ पर्यंत गेम २१ गुणांचा असे. तेव्हापासून तो ११ गुणांचा झाला. त्याआधीच्या वर्षी चेंडूचा व्यास ३८ मिलिमीटरवरून ४० मिलिमीटर केला, म्हणजे वेग थोडा कमी व्हावा आणि बघणाऱ्यांना चेंडू दिसावा. गेम लहान झाल्याने दुहेरीत सावरायला वेळ उरला नाही. जोडीत चारदा गोंधळ झाला की गेम गेलाच.

आता एका वर्षीचा शेवटचा दिवस सांगतो. जेवणाच्या सुटीत उपांत्य सामने होते आणि कार्यालय सुटल्यावर अंतिम. एका जोडीत आमचे साहेब होते. कॉलेजात असताना खेळलेले, हातात ताकद, फोरहँड जोरकस. चिठ्ठीतून त्यांचे जोडीदार निघाले शिपाईमामा. हॉलची किल्ली मामांकडे असे. संध्याकाळी शेवटी उरलेल्या एखाद्याला जोडीदार हवा असला की मामाच समोर उभे राहत. तेवढीच त्यांची तालीम. मारा मुळीच नाही. पण आलेला चेंडू शांतपणे परत.

उपांत्य सामन्याच्या पहिल्या गेममध्ये साहेबांनी तीनदा मामांचा चेंडू मारला. तिन्ही फटके देखणे, तिन्ही गुण समोरच्यांचे. मी गुण पुकारले तेव्हा हॉलमध्ये कोणी हसले नाही, कोणी बोलले नाही. साहेबांना कोण सांगणार? गेम गेला. दुसऱ्या गेममध्ये साहेब फटका मारून तिथेच उभे राहिले आणि मामांच्या तोंडून निघून गेले, “साहेब, सरका!”

मामांनी जीभ चावली. साहेब मात्र सरकले. मग प्रत्येक फटक्यानंतर सरकू लागले. मामांनी चेंडू टेबलावर ठेवायचा आणि साहेबांनी पुढच्या पाळीला मारायचा, असा मेळ बसला. उरलेले दोन्ही गेम जिंकून ते अंतिम सामन्यात आले.

समोर लेखा शाखेतल्या मॅडम आणि नव्याने रुजू झालेला एक तरुण, तो डावखुरा. सामना पाच गेमचा. दोन गेम यांचे, दोन त्यांचे. पाचव्यात साहेब-मामा ५-३ ने पुढे होते. तिथे नियमाप्रमाणे बाजू बदलल्या, क्रम बदलला. तोवर मामांना मॅडमचे सरळ चेंडू येत होते. आता डावखुऱ्याचे वळणारे चेंडू येऊ लागले. आघाडी गेली. १०-११ असताना मामांचा फटका जाळीत अडकला आणि सामना संपला.

टाळ्या चालू असताना मामा ओशाळून म्हणाले, “माझ्यामुळं गेलं, साहेब.” साहेबांनी मान हलवली. “नाही मामा. मी मध्येच उभा होतो. तुम्हाला चेंडू दिसलाच नाही.”

मी गुणपत्रिका बघितली. तिच्यात जोडीला एकच रकाना असतो. फटका कोणाचा चुकला, याची नोंद करायला जागाच नसते. मला वाटते, या खेळाचे मर्म त्या एका रकान्यात आहे. तुम्ही दिलेल्या चेंडूवरून समोरचा कसा मारणार हे ठरते, आणि तो मार तुमच्या जोडीदाराला झेलावा लागतो. तुम्ही सैल दिलेत की जोडीदार अडचणीत. म्हणून चुकलेला फटका नेहमी चुकणाऱ्याचाच असतो असे नाही. कार्यालयात उलटे असते. एखादी फाईल चुकली की ‘कारणे दाखवा’ नोटीस एका नावाने निघते, आणि ते नाव बहुधा खालच्या पायरीवरचे असते. त्याच्या आधी ती फाईल कोणी अडवून धरली, कोण मध्ये उभे राहिले, याला रकाना नसतो.

मोठ्या स्पर्धांतही हेच दिसते. २०२३ च्या हांगझोऊ आशियाई स्पर्धेत सुतीर्था आणि अयहिका मुखर्जी या भारतीय जोडीने चेन मेंग आणि वांग यिदी यांना हरवले आणि पुढे कांस्यपदक मिळवले. चेन मेंग म्हणजे टोकियो ऑलिम्पिकची एकेरीतली विजेती, आणि स्पर्धा चीनमध्येच. आपल्या दोघी पश्चिम बंगालमधल्या नैहाटी या एकाच गावच्या, लहानपणापासून एकत्र सराव केलेल्या. एकेरीतली थोरवी दुहेरीत जशीच्या तशी चालत नाही, ती अशी.

मी कविता लिहितो, त्यामुळे हाच प्रश्न मला मंचावरही दिसतो. आपली कविता झाली की माइकसमोरून हटणे किती जणांना जमते? तिथे गुण पुकारणारा कोणी नसतो, हे आम्हा कवींचे नशीब!

टेबलावरचा नियम टेबलापुरता असतो, हे मला मान्य आहे. सोमवारी साहेब आपल्या केबिनमध्ये होते आणि मामा दाराबाहेरच्या स्टुलावर. एका सामन्याने खुर्च्या बदलत नाहीत. पण ‘सरका’ हा शब्द साहेबांना एकदा ऐकवता आला, आणि त्यांनी तो ऐकला, हे हॉलमधल्या सगळ्यांनी बघितले. हेही थोडके नाही.

तुमच्या कार्यालयात अशी स्पर्धा असली तर शेवटच्या दिवशी जरूर थांबा. सगळे चेंडूकडे बघत असतील. तुम्ही मात्र नुकताच फटका मारलेल्या माणसाच्या पायांकडे बघा. कोणती जोडी जिंकणार, ते तिथे आधी कळते.

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)