पायवाटेची शिस्त

पावसाळा सुरू झाला की सह्याद्रीच्या वाटा माणसांनी फुलून जातात. १,६४६ मीटर उंचीचे कळसूबाई हे महाराष्ट्रातील सर्वोच्च शिखर. तेथे तसेच राजगड, हरिश्चंद्रगड येथेही शनिवार-रविवारी मोठी गर्दी लोटते. डोंगरभ्रमंतीची ही वाढती आवड स्वागतार्ह आहे. मात्र ज्या वाटेने आपण वर जातो, ती आपल्याच पावलांनी कशी झिजते हे जाणून घेणे अगत्याचे आहे.

सह्याद्रीच्या तीव्र उतारांवर काळ्या बेसाल्ट खडकावर मातीचा थर पातळ असतो. गवताची व कारवीची मुळे तो धरून ठेवतात. सतत पाय पडल्याने गवत मरते, माती दाबली जाते आणि पाणी जिरेनासे होते. हे पाणी वाटेवरूनच वाहू लागते, माती सोबत नेते आणि काही पावसाळ्यांत वाटेची घळ होते.

आपल्या दोन सवयी या धुपेस हातभार लावतात. पहिली, चिखल चुकविण्यासाठी कडेच्या गवतावरून चालणे. त्यामुळे कडाही चिखलमय होते, मागून येणारा आणखी बाहेरून जातो आणि एका माणसाची वाट पाहता पाहता रुंदावते. दुसरी, नागमोडी वळणे टाळून थेट उतरणे. अशी सरळ वाट पाण्यालाही सोयीची ठरते. त्याचा वेग वाढतो आणि खालची वळणेही ढासळतात.

म्हणून पुढील पथ्ये पाळावीत :

१. एकामागोमाग एक, वाटेच्या मधूनच चालावे. चिखल असला तरीही. त्यासाठी चांगली पकड असलेले बूट वापरावेत.
२. वळणे तोडू नयेत. कास पठारासारख्या फुलांच्या सड्यांवर आखलेली वाट सोडूच नये.
३. चढणाऱ्यास प्रथम वाट द्यावी. थांबताना शक्यतो खडकावर उभे राहावे.
४. गुरे आल्यास दरीच्या नव्हे, डोंगराच्या बाजूस थांबावे.
५. दगड ढकलू नयेत. कचरा सोबत परत आणावा.

यांतील अनेक वाटा गावकऱ्यांच्या व गुराख्यांच्या रोजच्या वहिवाटीच्या आहेत. आपण सुटीपुरते पाहुणे. खचलेली वाट मात्र त्यांना वर्षभर तुडवावी लागते.

मातीचा बोटभर थर तयार होण्यास शेकडो वर्षे लागतात. डोंगराचा आनंद हे व्याज आहे, माती हे मुद्दल. व्याजाचा उपभोग अवश्य घ्यावा. मुद्दल मात्र पुढील पिढीच्या खाती सुरक्षित राहू द्यावे.