गणिताची पदवी, आयकराची वकिली, जज्जची खुर्ची

मागच्या पालकसभेत दहावीतल्या एका मुलाचे वालिद म्हणाले, "सर, पोराचं गणित चांगलं आहे आणि हा म्हणतो वकील होणार. गणित वाया जाणार की नाही? तुम्हीच समजवा त्याला." शेजारी बसलेले दुसरे पालक हळूच बोलले, "आणि वकील होऊन पुढे काय? आपल्याला कोण जज्ज करतंय?"

दोन्ही प्रश्नांवर मला न्यायमूर्ती अकील कुरेशी आठवले.

कुरेशी घराणे अहमदाबादचे. त्यांच्या आजीचे वालिद इमाम अब्दुल कादिर बावझीर हे दक्षिण आफ्रिकेपासूनचे गांधीजींचे साथी. साबरमती आश्रमात त्यांचे घर 'इमाम मंझिल' आजही आहे. इमामसाहेबांचे पूर्वज अरबस्तानातून येऊन कोकणात स्थायिक झाले होते आणि त्यांना कोकणीही येत असे, असे गांधीजींनी लिहून ठेवले आहे. रत्नागिरी-रायगडच्या आपल्या वाचकांना हे वाचून आनंद वाटेल. अकील यांचे वालिद हमीद कुरेशी गुजरात उच्च न्यायालयात नामवंत वकील होते.

अकील यांनी 1980 साली गणितात पदवी घेतली आणि 1983 साली कायद्याची. काही वर्षे केंद्र सरकारचे वकील म्हणून काम केल्यावर ते आयकर खात्याचे वकील झाले.

हे काम आपल्याकडे फारसे कोणाला माहीत नसते. वकील म्हटले की भांडण, जमीन, तलाक एवढेच डोळ्यांसमोर येते. आयकराचा दावा वेगळा असतो. अधिकारी कर ठरवतो. ते मान्य नसेल तर खात्यातच आयुक्तांकडे अपील होते, नंतर न्यायाधिकरणाकडे. उच्च न्यायालयात प्रकरण येते तेव्हा आकड्यांचा वाद संपलेला असतो. तिथे फक्त कायद्याचा महत्त्वाचा प्रश्न ऐकला जातो. उदाहरणार्थ, एकदा तपासून बंद केलेले प्रकरण अधिकाऱ्याने पुन्हा उघडावे का? नवे काही हाती लागले असेल तर उघडता येते. पण जुन्याच कागदांवर नुसते मत बदलले म्हणून उघडता येत नाही. हा फरक कागद वाचूनच कळतो. इथे मोठ्या आवाजाचा उपयोग नाही, पायरी न गाळता विचार करणाऱ्याचे काम आहे. म्हणजे गणितच की!

7 मार्च 2004 रोजी, आपल्या 44 व्या वाढदिवशी, ते गुजरात उच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले. ज्या खात्याची बाजू काल मांडली, त्याचीच प्रकरणे आता तटस्थपणे ऐकायची. इन्साफाची खरी कसोटी मला इथे दिसते.

दुसऱ्या पालकांचे उत्तर मात्र इतके सरळ नाही. 2010 मध्ये सोहराबुद्दीन प्रकरणात त्यांनी अमित शहा यांना दोन दिवसांची सीबीआय कोठडी दिली. (शहा यांना पुढे 2014 मध्ये न्यायालयाने दोषमुक्त केले.) 2011 मध्ये राज्यपालांनी केलेली लोकायुक्तांची नेमणूक त्यांनी योग्य ठरवली. राज्य सरकारचा तिला विरोध होता. सोबतच्या न्यायाधीशांचे मत वेगळे पडले, पण शेवटी सर्वोच्च न्यायालयानेही ती नेमणूक कायम ठेवली.

2018 मध्ये त्यांची मुंबईला बदली झाली, तेव्हा गुजरातच्या वकिलांनी काम बंद ठेवून निषेध केला. मे 2019 मध्ये कॉलेजियमने मध्य प्रदेशच्या मुख्य न्यायाधीशपदासाठी त्यांचे नाव सुचवले. सरकारने ते मान्य केले नाही. गुजरातच्या वकील संघटनेने थेट सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली. शेवटी पन्नासहून अधिक न्यायाधीशांची मंजूर पदे असलेल्या मध्य प्रदेशऐवजी, हाताच्या बोटांवर मोजता येतील एवढ्या न्यायाधीशांच्या त्रिपुरा उच्च न्यायालयाचे ते मुख्य न्यायाधीश झाले. ऑक्टोबर 2021 मध्ये ते राजस्थानला गेले. सर्वोच्च न्यायालयात त्यांची नेमणूक झालीच नाही. मार्च 2022 मध्ये जोधपूरला निरोप घेताना ते म्हणाले की, सरकारचे माझ्याबद्दलचे प्रतिकूल मत मी माझ्या स्वातंत्र्याचे प्रमाणपत्र समजतो.

तेव्हा "कोण करतंय" याचे उत्तर असे आहे. केले, दोन राज्यांचे मुख्य न्यायाधीशही केले, आणि वाटेत अडवलेही. अडवले तेव्हा त्यांच्यासाठी उभे राहिले ते त्यांच्यासोबत वर्षानुवर्षे काम केलेले वकील, आणि त्यात सगळ्या समाजांचे लोक होते. ही गोष्ट मला त्यांच्या पदांपेक्षा मोठी वाटते.

हे सगळे मी त्या दोघांना शाळेच्या व्हरांड्यात उभ्या उभ्या सांगितले. बारावीनंतर पाच वर्षांचा किंवा पदवीनंतर तीन वर्षांचा, असे कायद्याचे दोन रस्ते आहेत, दोन्हींना प्रवेश परीक्षा असते, हेही सांगितले. मुलगा खाली मान घालून ऐकत होता. त्याच्या वालिदांनी थोडा वेळ विचार केला आणि विचारले, "सर, त्या परीक्षेचा फॉर्म कधी निघतो?"