पडद्यावरचा वाडा पाहायला निघताना

कुडाळ तालुक्यातील आकेरी हे गाव पूर्वी मुख्यतः रामेश्वराच्या देवळासाठी ओळखले जाई. फेब्रुवारी 2016 मध्ये झी मराठीवर ‘रात्रीस खेळ चाले’ ही मालिका सुरू झाली आणि तिचे चित्रीकरण जिथे झाले तो इथला जुना वाडा घरोघरी ‘नाईकांचा वाडा’ होऊन गेला. 2019 आणि 2021 मध्ये आणखी दोन पर्वे आली. अण्णा, माई, शेवंता, पांडू ही माणसे शेजारची वाटू लागली आणि लोक वाड्याची वाट विचारत आकेरीला येऊ लागले.

जपानमध्ये या ओढीला स्वतंत्र नावच आहे. तिथे ॲनिमे, म्हणजे जपानी चलच्चित्रपट, पाहिलेले रसिक त्यात रेखाटलेली खरी ठिकाणे शोधत हिंडतात आणि त्याला ‘सेइची जुनरेई’, म्हणजे तीर्थयात्रा, असे म्हणतात. योगायोगाने 2016 मध्येच आलेल्या माकोतो शिनकाई यांच्या ‘युअर नेम’ या चित्रपटामुळे तोक्योतील सुगा देवस्थानाजवळच्या साध्या पायऱ्या जगप्रसिद्ध झाल्या. नातवंडांना हे ठाऊक असते. आजीची आकेरीची हौस आणि नातीचे तोक्योचे स्वप्न एकाच जातीचे आहे, हे मात्र दोघींच्याही लक्षात येत नाही.

माझ्याकडे रक्तदाबासाठी येणाऱ्या अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या एक आजी गुडघ्यांमुळे दोन वर्षे दवाखान्याखेरीज कुठेही गेल्या नव्हत्या. तपासणी संपल्यावर त्या हळूच म्हणाल्या, “डॉक्टरानू, माका एकदा तो वाडो बघूचो हा.” मुलगा ओशाळून हसला. “टीव्हीवर दिसताच मा रोज!” असे म्हणून त्याने विषय मिटवू पाहिला. मला तो मिटवावासा वाटला नाही. वृद्धापकाळात इच्छा एकेक करून मालवत जातात. ‘मला अमुक पाहायचे आहे’ असे कोणी स्वतःहून म्हणत असेल, तर ते प्रकृतीचे चांगले लक्षण आहे. ती इच्छा हसण्यावारी नेली की माणूस पुन्हा मागत नाही आणि खुर्चीतून उठण्याचे एक कारण कमी होते.

मी त्यांना महिनाभराची मुदत दिली. रोज खुर्चीवरून हातांचा आधार कमीत कमी घेत दहा वेळा उठायचे, खळ्यात सकाळ-संध्याकाळ फेऱ्या मारायच्या आणि पायरीचा सराव करायचा. चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी. गुडघ्यांना चढण्यापेक्षा उतरणे अधिक जाचते. तेव्हा हात धरणाऱ्याने उतरताना एक पायरी खाली, समोर राहावे.

जुन्या कोकणी घरात पडण्याची जागा बहुधा जिना नसते, उंबरठा असतो. बाहेर लख्ख ऊन आणि आत माजघराचा अंधार. उतारवयात, विशेषतः मोतीबिंदू असल्यास, डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला वेळ लागतो आणि नेमके त्याच क्षणी पाऊल उचलले जाते. म्हणून दारात मिनिटभर थांबावे, मग आत जावे. जांभ्या दगडाच्या पायऱ्या पावसाळ्यात शेवाळतात. डिसेंबर-जानेवारीतली सकाळ उत्तम. वाडा कोणाच्या तरी मालकीचा आहे, याचेही भान असावे. परवानगी मिळाली तर आत जावे, नाहीतर बाहेरूनच पाहावा.

मालवणहून सव्वा-दीड तासाचा प्रवास. वाटेत कुडाळला उतरून चार पावले चालावे. गाडीतून एकदम उठू नये, पाय खाली सोडून क्षणभर बसावे. ‘लघवीला लागेल’ म्हणून पाणी न पिणारे आणि लघवीची गोळी परस्पर टाळणारे अनेकजण मी पाहतो. गोळीची वेळ बदलायची असेल तर डॉक्टरांना विचारावे आणि वाटेतले स्वच्छतागृह आधी हेरून ठेवावे. मधुमेहींनी खाणे सोबत ठेवावे; इन्सुलिन उन्हात उभ्या गाडीत ठेवू नये. आकेरी आणि होडीतून सिंधुदुर्ग किल्ला एकाच दिवशी उरकण्याचा पाहुण्यांचा बेत असतो, तो ज्येष्ठांच्या माथी मारू नये. हलत्या होडीत चढणे-उतरणे हीच वेगळी कसोटी आहे.

छातीत दुखणे, नव्याने लागलेली धाप किंवा वारंवार येणारी चक्कर असेल, तर आधी तपासणी, मग वाडा.

स्मृतिभ्रंशाच्या रुग्णाची गोष्ट निराळी. त्याला मालिका आणि वास्तव यांतली रेघ दिसेलच असे नाही; “अण्णा आहेत का घरात?” असे त्याने विचारले तर वाद घालू नये आणि गंमत म्हणून भुताची भीती तर मुळीच घालू नये. त्या रात्री झोप उडते ती त्याचीच नव्हे, सांभाळणाऱ्या सुनेचीही. ज्यांना अंथरुणातून उठणे शक्य नाही, त्यांच्यासाठी नातवाने वाड्यापाशी जाऊन मोबाइलवरून थेट दृश्य दाखवावे. मात्र फोन त्याने लवकर ठेवू नये. “उजवीकडे वळ, ती खिडकी दाखव” असे आजोबांना सांगू द्यावे.