‘शाकाहारी’ शब्दाचा परदेशप्रवास

छत्रपती संभाजीनगरातील जैन व्यापारी कुटुंबांना परदेशप्रवास आता नवा राहिलेला नाही. गुलमंडीवरील दुकान मुलाच्या हाती सोपवून आजी-आजोबा बँकॉक पाहून येतात. तरुण पिढी मालाच्या शोधात ग्वांगझौच्या कँटन फेअरपर्यंत पोहोचते. सामानात खाकरे आणि दशम्या असतातच. तरीही एखाद्या संध्याकाळी डबा संपतो. ‘व्हेजिटेरियन’ असे तीनदा बजावून मागविलेल्या भाजीत माशांचा सॉस असल्याचे दोन घास पोटात गेल्यावर कळते. आजी ताट बाजूला सारतात, त्यांचे डोळे भरून येतात. वाढणारा गोंधळतो, कारण त्याच्या लेखी त्या भाजीत मासा नव्हताच.

येथे फसवणूक कोणीच केलेली नसते. एकाच शब्दाचे अर्थ देशागणिक बदलतात. जपानी सूपच्या ‘दाशी’त बहुधा वाळविलेल्या माशाचा कीस असतो, इटलीच्या पार्मेझान चीजसाठी वासराच्या जठरातील रेनेट वापरतात.

परंतु याची दुसरी बाजूही आहे. ‘तेथे सारेच अभक्ष्य’ असे म्हणून ज्या थायलंडविषयी नाक मुरडले जाते, तेथेच ‘जे’ नावाची आहारपद्धती आहे. तीत मांस, मासे, अंडी यांच्यासह कांदा-लसूणही वर्ज्य असतो. अशा भोजनगृहांवर पिवळ्या पताकेवर लाल अक्षर दिसते. कंदमुळांचा निषेध मात्र तेथे नाही. बटाटा-गाजराविषयी वेगळे विचारावे लागते.

१८९३ मध्ये शिकागोच्या सर्वधर्मपरिषदेचे निमंत्रण आचार्य विजयानंदसूरी, म्हणजेच आत्मारामजी महाराज, यांना आले. साधुमर्यादेमुळे त्यांना समुद्रप्रवास शक्य नव्हता. म्हणून त्यांनी एकोणतीस वर्षांच्या वीरचंद राघवजी गांधी यांना पाठविले. वीरचंदजींनी परदेशातही शाकाहार कटाक्षाने पाळला आणि तेथील श्रोत्यांना जैन दर्शन समजावून सांगितले. तरीही समुद्र ओलांडला म्हणून स्वदेशातील काही धर्मबांधवांनी त्यांना दोष दिला. आचार सांभाळण्याइतकीच समजूत घालण्याची कसोटीही त्यांना द्यावी लागली.

आज समुद्र ओलांडण्याचा दोष कोणी देत नाही. अडते ते विचारण्याच्या संकोचापाशी. आपल्याला काय चालत नाही, याची त्या देशाच्या भाषेत लिहिलेली चिठ्ठी खिशात असावी. ती पुढे करण्यात लाज नाही आणि समोरच्याच्या ताटाकडे तुच्छतेने पाहण्यात धर्म नाही. अनेकांत व्याख्यानात ऐकणे सोपे असते. परक्या देशात, भुकेल्या पोटी, तो आचरणात आणावा लागतो.